तळाला न बसलेलं पाणी

उजाडायच्या आत काकी गाडीखाली शिरलेली असायची. अंगाखाली पोतं, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, हातात काचेची बरणी. गुडघे कुरकुरायचे, कंबर बोंब मारायची, पण त्यांचं ऐकून घेणाऱ्यातली ती नव्हती. पिकअपच्या डाव्या बाजूला, चाकाच्या मागं डिझेलचा फिल्टर होता. त्याच्या बुडाला पाणी साठायची वाटी आणि वाटीच्या बुडाला प्लॅस्टिकचा नट. नट दोन आटे सैल करायचा, खाली बरणी धरायची, वरचा हातपंप अंगठ्यानं चार वेळा दाबायचा. डिझेलात शिरलेलं पाणी जड, ते आधी उतरतं. बरणीत पाणी खाली, डिझेल वर आणि मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ. रेघ बघायची, नट आवळायचा, मग पंप दगडासारखा घट्ट होईपर्यंत दाबत राहायचं. एवढं झाल्याशिवाय गाडीनं फाटक ओलांडायचं नाही.

हा दंडक मालकांचा. मालक म्हणजे तिचा नवरा. इंजिनातलं त्यांनी तिला एवढं एकच शिकवलं, पण तिनं ते असं धरलं की पुढं मालकच घाई करायला लागले तर ती त्यांना फाटकात अडवायची. मालक गेले. त्यांच्यामागं थोरला मुलगा गेला, छातीत कळ आली आणि उभ्याउभ्या गेला. गाडी राहिली, पाणी काढणं राहिलं.

थोरला गेल्यावर चौथ्या महिन्यात सुनेनं किल्ली मागितली होती.

"चालवता येते का?" काकीनं विचारलं.

"येते. ह्यांनी शिकवली."

"कधी? मला दिसलं नाही ते?"

"दुपारी तुम्ही पडलेल्या असायच्यात तेव्हा."

काकीला राग आला होता. थोरला दुपारी डिझेल जाळत फिरतो आणि विचारलं की टायर बघून आलो म्हणतो, त्याचं कारण असं मागाहून कळलं. तरी तिनं किल्ली दिली. धाकटा मुलगा तेव्हा दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवत गावोगाव फिरत होता, घरी मन लावून बसणारा नव्हता. सून मात्र बसली ती स्टिअरिंगच्या चाकामागं अशी बसली की दोन वर्षांत गाडीला ओरखडा नाही. तिला पोर नव्हतं, आता नवराही नव्हता. या घरात तिची म्हणावी अशी जागा एकच, चाकामागची. हे तिला ठाऊक होतं आणि काकीलाही.

कांद्याची काढणी सुरू झाली तशी गाडीला उसंत राहिली नाही. सकाळी वीस बायका बागायतदाराच्या शेतावर न्यायच्या, संध्याकाळी कांद्याची पोती आणि बायका परत आणायच्या. थंडी अशी की टपावर दवाचे ओघळ, आणि धुकं इतकं दाट की फाटकातून घर दिसू नये. त्यात रेडिओवर रोज सांगत होते, पाऊस येतोय, आठ-दहा दिवसांत येतोय. उपटलेला कांदा भिजला की सडलाच.

फाटकाशी बायका जमल्या की मुकादमीण आवाज द्यायची. तिच्या घशामुळं सगळे तिला भोंगा म्हणत, तोंडावरसुद्धा.

"काकी, झाली का गाडीची आंघोळ? आम्ही इथं गारठून लाकडं झालो!"

"गाडीची झाली. तुझी झालेली दिसत नाही," गाडीखालून उत्तर यायचं.

स्वच्छतेवरून काकीशी कुणी बोलायचं नाही. तिच्या घरात चहाची गाळणी आणि डिझेलची गाळणी सारखीच लखलखीत. पेट्रोलपंप लांब, म्हणून डिझेलचं एक मोठं पिंप शेडमधे भरून ठेवलेलं असे. त्यातून कॅनमधे आणि कॅनमधून टाकीत ओतताना नरसाळ्यात जाड फडकं लावायचं. मालक असताना ही सगळी भांडी ते डिझेलनंच धुवायचे. घाण घाणीनं निघते होय, असं काकी तेव्हाही म्हणायची. आता विचारणारं कुणी नव्हतं. ती साबणाची पूड घेऊन कॅन घासायची, नरसाळं घासायची, फडकं चोळून दोरीवर टाकायची. मात्र पाण्यानं खळबळायचं नाही, एवढं भान तिला होतं. पाणी राहिलं तर? म्हणून साबणाचा हात फिरवून ती कोरड्या चिंधीनं पुसून काढायची. कांद्याच्या काढणीच्या तोंडावर पिंप रिकामं झालं तेव्हा तिनं ते आडवं पाडलं, काठीला झाडू बांधला आणि आतून असंच घासलं, असंच पुसलं. बुडाला इतक्या वर्षांचा काळा गाळ होता, तो निघाला. दोन दिवस खांदा वर होत नव्हता, पण पिंपात तोंड दिसावं असं तिनं ते केलं. मग नवीन डिझेल भरून घेतलं.

त्यानंतर आठवडाभरानं बरणीतली रेघ दिसेनाशी झाली.

काकीनं बरणी उजेडाकडं धरली. सगळं एकसारखं, जरा पांढरट. तळाला पाणी नाही. "कोरडी आहे," ती म्हणाली आणि नट आवळला.

सून शेजारी उभी होती. "आत्या, रंग बघितला का? गढूळ वाटतंय."

"थंडीनं होतं तसं."

"गेल्या थंडीत झालं नव्हतं."

"गेल्या थंडीत तू पहिल्या गियरमधे गाव हिंडत होतीस. पाणी तळाला बसतं. तळाला काही नाही. जा, बायका खोळंबल्यात."

दुसऱ्या दिवशी सून पुन्हा तेच म्हणाली, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी काकीनं बरणी पाठीमागं धरली आणि म्हणाली, "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी असल्या नटांखाली हात काळे करतेय. मला शिकवू नकोस." सून गाडीत बसली. समोरच्या काचेखाली थेंबाचा जो पिवळा दिवा लागतो, पाणी झालं म्हणून, तो लागलेला नव्हता. तेव्हा तिच्याकडं दाखवायला काही नव्हतं.

त्याच सकाळी कालव्यापलीकडच्या चढावर गाडी बसली.

आधी धक्के खाल्ले, मग पांढरा धूर, मग अर्ध्या चढावर ठप्प. वीस बायका उतरल्या. कुणी चाकाखाली दगड लावले, कुणी ढकलून बघितलं. सुनेनं फिल्टरची हवा काढून पाहिली, हातपंप मारून मारून अंगठा लाल केला, पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. भोंगानं फोनवर बागायतदाराच्या शिव्या ऐकल्या आणि त्या जशाच्या तशा सगळ्यांना ऐकवल्या. कुणीतरी मिस्त्रीला निरोप दिला, कुणीतरी घरी. धाकटा त्या आठवड्यात घरी होता. त्यानं आईला मोटारसायकलवर मागं बसवून आणलं.

मिस्त्रीनं फिल्टर सोडवला, उलटा करून दगडावर ओतला, वास घेतला. "पाणी. पार इंजिनातल्या नोझलपर्यंत गेलंय." मग मान वर न करता त्यानं विचारलं, "काकी, पाणी रोज काढता ना?"

"रोज. तू तोंड धुतोस त्याच्या आधी."

"मग हे आलं कुठनं?"

बायका काकीकडं बघायला लागल्या. इतक्या जणींनी एकदम बघितलं की माणूस आपल्यावरचं दुसऱ्यावर ढकलतो. काकीला तेव्हा ते ढकलणं वाटलं नाही, खरंच वाटलं.

"मला काय विचारतोस? माझ्या बरणीत पाणी नव्हतं. फाटकाबाहेर गाडी कुणाच्या ताब्यात असते ते बघ. टाकीचं झाकण न लावता धुक्यात उभी केली असेल. नाहीतर रस्त्याकडेच्या कॅनमधलं भेसळीचं भरलं असेल."

"मी बाहेर कुठंही डिझेल घेत नाही, आत्या," सून म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत डिझेल आलं होतं, कपाळावर काळा पट्टा. "चार दिवस सांगतेय, डिझेल पांढरट दिसतंय."

"म्हणजे चुकलं माझं?"

सुनेनं उत्तर दिलं नाही. नाही म्हणाली असती तर तिथंच निभावलं असतं. ती गप्प राहिली, आणि वीस बायकांपुढं ते गप्प राहणं काकीला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

"किल्ली दे," ती म्हणाली.

सुनेनं किल्ली काढली. तिच्यावर डिझेल लागलं होतं, ते बाहीला पुसलं, दोन्ही बाजूंनी पुसलं, आणि मग काकीच्या हातात ठेवली. काकीनं ती धाकट्याला दिली.

मिस्त्रीनं टाकीतलं डिझेल सोडून दिलं. टाकी उतरवून धुवायला हवी म्हणाला, पण काढणी चालू असताना एवढा वेळ कुणाला होता? नवा फिल्टर बसवला, पिंपातलं दोन कॅन डिझेल घातलं, गाडी चालू झाली. धाकट्यानं ती चढावरून भरधाव नेली, कुणाला काही दाखवायचं असल्यासारखी.

दुसऱ्या दिवसापासून सून मागं बसायला लागली. धाकटा चाकावर, आणि ती बायकांबरोबर फळीवर, मांडीवर विळा. पहिल्या सकाळी भोंगा म्हणाली, "या ड्रायव्हरीणबाई, इकडं वारा कमी लागतो." एरवी भोंगाच्या बोलण्यावर गाडीभर हशा व्हायचा. त्या दिवशी कुणी हसलं नाही. भोंगाला स्वतःलाच ते बोलणं वाईट वाटलं असावं, कारण तिनं अंगावरची गोधडी अर्धी सुनेच्या गुडघ्यांवर टाकली.

सुनेच्या तळहाताला स्टिअरिंगचे घट्टे होते, विळ्याचे नव्हते. कांद्याची पात कापताना दुसऱ्या दिवशी तिचं बोट कापलं, तिसऱ्या दिवशी फोड आले. जेवताना ती डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलायची. काकीला ते दिसायचं. दोघींत बोलणं उरलं होतं ते मीठ दे, दार लाव, एवढंच. काकीला वाटत होतं, ही एकदा तोंडानं म्हणेल, झाकण राहिलं असेल, आत्या. मग सगळं पहिल्यासारखं करता येईल. सून तसं म्हणत नव्हती. पहाटे मात्र ती उठायची आणि दारात उभी राहून गाडीखालच्या काकीकडं बघायची.

"उभी राहून काय पहारा देतेस?"

"काही नाही."

बरणी रोज पांढरट. तळ रोज कोरडा.

पाचव्या सकाळी गाडी फाटकातच बसली. आभाळ भरून आलेलं, धुकं नव्हतं, त्याच्या जागी दमट वारा. फाटकाबाहेर बायका विळे आणि डबे घेऊन उभ्या. शेतात तीन दिवसांचा कांदा उपटून पडलेला. धाकट्यानं किल्ली फिरवली, गाडी चालू झाली, दोन हात सरकली, थरथरली आणि मेली. पुन्हा फिरवली. पुन्हा मेली.

मिस्त्री आला. या वेळी त्यानं वाटीतलं डिझेल तळहातावर घेतलं आणि दोन बोटांत चोळलं. मग पुन्हा चोळलं.

"हे बसतच नाही," तो म्हणाला. "डिझेल आणि पाणी घुसळून एक झालंय. पाणी वेगळं झालं तर फिल्टर ते धरणार, तर दिवा लागणार. वेगळंच होत नाही तर फिल्टरनं काय करायचं? सरळ पुढं जातंय." त्यानं बोटं हुंगली. "यात साबण आहे."

"साबण?" धाकटा म्हणाला.

"मी एकदाच बघितलंय असं. एकाच्या टाकीत वैरानं टाकला होता."

काकी शेडच्या दाराशी उभी होती. ओल्या हातात नुकतंच चोळलेलं फडकं.

धाकट्याला विचार करायला वेळ लागत नसे. तो वळला तो थेट वहिनीकडं. "आलं लक्षात. किल्ली काढून घेतली त्याचा सूड का, वहिनी?"

"भाऊजी, टाकीला कुलूप आहे," सून म्हणाली, "आणि किल्ली पाच दिवस तुमच्या खिशात आहे."

"पिंपाला कुठंय कुलूप?"

"पिंपापाशी मी जात नाही. या घरात तिथं कोण जातं ते सगळ्यांना माहीत आहे."

"आता आईवर घालतेस?"

"मी कुणावर घालत नाही. तुम्ही घालताय." ती काकीकडं वळली. "आत्या, तुम्ही सांगा. साबण मी टाकला?"

काकीची जीभ गावात प्रसिद्ध. भांडणात समोरची एक बोलेपर्यंत हिची चार बोलून व्हायची. आता तोंड उघडलं तर त्यातून काही येईना. हातातलं फडकं तिनं नुसतं दुसऱ्या हातात घेतलं.

सून वळून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती, फार भरलेली नव्हती.

"भावाला निरोप पाठवते. तो येईपर्यंत फाटकाबाहेर बसते," ती म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. बायका बाजूला झाल्या. ती फाटकाशेजारच्या कठड्यावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

काकी मिस्त्रीकडं गेली. "तुझ्या कॅनमधलं डिझेल चांगलं आहे?"

"पंपावरचं आहे. का?"

"दे थोडं."

ती शेडमागं गेली. औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या, दोन्हीत निम्मं पाणी घातलं, निम्मं मिस्त्रीचं डिझेल. एकीत फडकं पिळलं. चार थेंब पडले असतील, जास्त नाही. बुचं लावून दोन्ही बाटल्या दोन हातांत धरून खूप हलवल्या आणि पिंपाच्या कडेवर ठेवल्या.

तिला वीसपर्यंत मोजता यायचं. तिनं वीस पाच वेळा मोजलं. पहिल्या बाटलीत तोवर रेघ उमटली होती, सुरीनं कापल्यासारखी. दुसरी पांढरी होती ती पांढरीच. आणखी पाच वेळा वीस मोजलं. पांढरीच.

नाली दोन पावलांवर होती. बाटली तिच्यात पालथी केली असती तर कुणाला काही कळलं नसतं. काकी नालीपर्यंत गेलीही. बूच काढलं. तिनं आयुष्यात काय कमावलं होतं? शाळा दोन वर्षांची, जमीन थोडकी, माणसं एकेक करून गेलेली. हिच्या हातात गाडी कधी बंद पडत नाही, एवढं एक नाव होतं. गाव ते घेत असे. तेही नालीकाठी येऊन उभं राहिलं होतं.

भिंतीपलीकडं धाकटा पुन्हा किल्ली फिरवत होता. इंजिन कण्हत होतं. तेवढ्यात कठड्यावरून सुनेचा आवाज आला, रडवेला नाही, रागाचाही नाही, नेहमीचा.

"भाऊजी, आता स्टार्टर मारू नका. इंजिनाचा पंप कोरडा फिरला तर पुरा जाईल. मिस्त्री, नोझल काढून बघा आधी. दोन तरी वाचतील."

पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि गाडीला जपत होती.

काकीनं बूच लावलं.

ती पुढच्या अंगणात आली. दोन्ही बाटल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या. "इकडं या," ती बायकांना म्हणाली. "सगळ्या या. भोंगा, तूही ये, नाहीतरी उद्या गावभर तूच सांगणार, तर नीट बघून सांग."

बायका फाटकातून आत आल्या. सून बसली होती तिथंच बसून राहिली.

"साबण मी घातला," काकी म्हणाली. "वैरानं नाही, स्वच्छतेपायी. पिंप मी घासलं. हे फडकं मी धुते. पाणी राहायला नको म्हणून खळबळलं नाही, म्हणून साबण राहिला. या बाटलीत फडक्याचे चार थेंब आहेत, त्यात नाहीत. डोळे असतील त्यांनी बघा. हिनं चार दिवस मला सांगितलं आणि मी हिला गप्प केलं. चढावर तुमच्या सगळ्यांपुढं हिचं नाव घेतलं, म्हणून सगळ्यांपुढं सांगतेय. एकदाच सांगणार. पुन्हा विचारायला येऊ नका."

धाकट्यानं मान खाली घातली. मिस्त्रीनं बाटली उचलून आभाळाकडं धरली आणि बारकाईनं बघत राहिला, बघण्यासारखं फार नसतानाही.

भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "ते खरं, काकी. पण आमचे दिवस बुडाले. तो कांदा तिथं उघड्यावर पडलाय. बागायतदार उद्यापासून दुसरी टोळी आणतो म्हणाला, तर?"

"चालत जाऊ. आत्ता निघालो तर दिवस वर यायच्या आत पोचू. मी येते. विळा दे एक."

"तुम्ही?" एक जण म्हणाली. "खाली बसाल हो. उठवायला क्रेन लागेल."

"तू आहेस की. क्रेनएवढी."

दोघी-तिघी हसल्या. काकी हसली नाही. ती फाटकापाशी गेली आणि सुनेच्या समोर उभी राहिली. आता काय म्हणायचं ते तिनं शेडपासून इथपर्यंत येताना ठरवलं होतं, पण तोंडातून आलं ते सवयीचं.

"पिशवी आत ठेव."

सुनेनं वर बघितलं. "हे सांगताय की हुकूम करताय?"

काकी उभी राहिली. तिनं कठड्याला हात टेकला. "मला बोलता येत नाही तसलं," शेवटी ती म्हणाली. "तुला कळतंय मला काय म्हणायचंय."

"कळतंय. पण मला ऐकायचंय."

बायका कुठंतरी दुसरीकडं बघायला लागल्या. वारा फाटकाची कडी वाजवत होता.

"चुकलं माझं," काकी म्हणाली. "जाऊ नकोस."

सून लगेच उठली नाही. तिनं पिशवीचे बंद नीट केले, पुन्हा सोडले, पुन्हा नीट केले. मग उठून धाकट्याकडं गेली आणि हात पुढं केला. त्यानं किल्ली दिली.

"टाकी उतरवा," ती मिस्त्रीला म्हणाली. "पिंपातलं सगळं बाहेर काढायचं. पिंप चांगल्या डिझेलनं दोनदा खळबळून घेऊ. भाऊजी, तुम्ही मोटारसायकलवरून जाऊन दोन कॅन आणि नवा फिल्टर आणा." पिशवी कठड्यावर होती ती तिथंच राहिली. आत नेऊन ठेवायला तिला वेळ नव्हता, की ठेवायची नव्हती, ते काकीला कळलं नाही आणि विचारायची सोय नव्हती.

शेत तासाभराच्या वाटेवर होतं. काकी बायकांच्या मधे चालली. कालव्यापर्यंत ती पुढं होती, चढाला मागं पडली. कुणी थांबलं नाही, पण सगळ्यांची चाल आपोआप कमी झाली.

ओळीत बसून तिनं कांद्याची पात धरली, विळा ओढला, कांदा डाव्या ढिगात, पात उजव्या. दहा वर्षांत हे काम केलं नव्हतं. हात विसरले नव्हते, पाठ विसरली होती. तासाभरात मांड्या बधिर झाल्या. पुढं सरकताना ती हातांवर भार देऊन सरकायची, मातीत तळव्यांचे ठसे उमटायचे. शेजारणीची ओळ तिच्या दीडपट पुढं. दुपारी भोंगानं आपल्या डब्यातलं तिच्यापुढं सरकवलं.

"नको. माझ्याकडं आहे."

"नाहीये. निघताना तुम्ही डबा कुठं घेतलात?"

काकीनं खाल्लं.

"एक विचारू?" भोंगा म्हणाली. "नाली तर जवळच होती ना तुमच्या शेडमागं?"

काकीनं घास गिळला. "होती."

आभाळ खाली आलं होतं. बायका पटापट हात उचलत होत्या. चार वाजता दोन थेंब पडले आणि थांबले. पोती भरून बांधावर रचली, वर ताडपत्री ओढली. गाडी येईल का, कुणी विचारत नव्हतं.

पाचच्या सुमारास चढापलीकडून आवाज आला. आधी बायकांचे हात थांबले, मग माना वळल्या. पिकअप बांधाशी येऊन उभी राहिली. इंजिनात बारीक खरखर होती, धूर जरा जास्त. सून उतरली. केसांपर्यंत डिझेल, बाही फाटलेली.

"तीन नोझल वाचली. चौथं चार दिवसांनी बदलू," तिनं भोंगाला सांगितलं. "आधी पोती चढवा."

पोती चढली, ताडपत्री आवळली, मग बायका चढायला लागल्या. एक पाय फळीवर, दुसरा वर, वरचीनं हात द्यायचा. काकी शेवटी राहिली. फळी तिच्या कमरेइतकी उंच होती.

"पुढं बसा," सून म्हणाली.

"मागं बसते. आज मी मजुरीला आलेय."

सून वाकली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून पायरी केली आणि धरली. काकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय त्या हातांवर दिला. फोडांवर भार पडला असणार. सुनेचा चेहरा हलला नाही.

"उद्यापासून पाणी मी काढणार," सून खालून म्हणाली. "पिंप, कॅन, फडकं, सगळं माझ्याकडं. तुम्ही हात लावायचा नाही."

काकी अर्धी वर, अर्धी खाली. वीस बायका ऐकत होत्या. चाळीस वर्षांची पहाट तिच्या पायाखालून निघून चालली होती, आणि पाय ज्या हातांवर होता ते हात भार धरून होते.

"काढ," ती म्हणाली.

भोंगानं तिला वर ओढलं. बायकांनी सरकून जागा केली. ती पोत्याला टेकून बसली, पाय समोर लांब केले. सुनेनं फळी बंद करून कडी लावली, पुढं गेली, दार ओढलं. गाडी हलली.

चढ आला तशा बायका गप्प झाल्या. गियर पडला. काकीनं सवयीनं इंजिनाकडं कान लावला, आणि मग तो मुद्दाम काढून घेतला.